मदत हवी आहे: बेडकीच्या पाल्याचं रीडिंग वजा येतंय, जांभूळबीचं ९६ टक्के. खरं काय मानू?

नमस्कार. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधुमेहावर आमच्याकडे घरोघरी घेतल्या जाणाऱ्या दोन गोष्टी मी प्रोजेक्टला घेतल्या आहेत: बेडकीचा पाला (गुडमार, जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे) आणि जांभळाच्या बिया. यांचे अर्क अल्फा-अमायलेज या एन्झाइमला अडवतात का, हे बघायचं आहे. भात-भाकरीतल्या स्टार्चची साखर करायला हेच एन्झाइम सुरुवात करतं. ते मंदावलं तर जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. अकार्बोजची गोळी याच वाटेने काम करते, म्हणून तुलनेला तीच घेतली आहे.

पद्धत नेहमीचीच, डीएनएसएची (साखर असली की रंग बदलणारं रसायन). पाला आणि बिया सावलीत वाळवल्या, दळल्या, मिथेनॉलमध्ये तीन दिवस भिजवून गाळल्या आणि अर्क आटवला. पीएच ६.९ चा फॉस्फेट बफर, त्यात थोडं मीठ. अर्धा मिली अर्क आणि अर्धा मिली एन्झाइम दहा मिनिटं एकत्र ठेवते, मग १ टक्का स्टार्च अर्धा मिली, पुन्हा दहा मिनिटं. त्यानंतर १ मिली डीएनएसए, पाच मिनिटं उकळत्या पाण्यात, गार करून १० मिली पाणी आणि ५४० नॅनोमीटरला रीडिंग. ब्लँकमध्ये (शून्य धरायच्या तुलनेच्या नळीत) फक्त बफर आणि डीएनएसए.

आता अडचण. बेडकीचा अर्क जितका वाढवावा तितकं इनहिबिशन (एन्झाइम अडण्याचं प्रमाण) खाली जातं, शेवटच्या नळीत तर वजा १८ टक्के. म्हणजे अर्क घातल्यावर साखर जास्त तयार होते असं रीडिंग सांगतंय! शिवाय या नळ्यांना साबणासारखा फेस येतो आणि तो क्युव्हेटमध्येही बसत नाही. उलट जांभूळबीचा अर्क सगळ्यात कमी मात्रेलाही ९६ टक्के दाखवतो. अकार्बोजपेक्षाही जास्त. तीनदा केलं, तीनदा तेच.

पाला चुकीचा असेल असं वाटत नाही. वेल आमच्याच कुंपणावरचा आहे. घरी सगळ्यांनी एकेक पान चावलं आणि वर चिमूटभर साखर तोंडात टाकली. ती वाळू चावल्यासारखी लागली, गोडीचा मागमूस नाही. वडील तर अर्धा तास चहा बेचव लागतो म्हणत होते.

घाईने विचारण्याचं कारण वेगळं आहे. जांभूळबीचा ९६ चा आकडा मी आनंदाच्या भरात घरी सांगितला. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन: "मग मी ती सकाळची गोळी बंद करू का गं? बियांची पूड तर मी घेतेच आहे." ती मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेते. मी नको म्हटलं, पण का नको ते मला नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून त्या आकड्याची धास्तीच बसली आहे.

तर, वजा आकडा का येतो? ९६ वर विश्वास ठेवू का? आणि आत्याला काय सांगू?

प्रतिसाद १

वजा येण्याचं कारण तुझ्या ब्लँकमध्ये आहे. डीएनएसएला साखर स्टार्चमधून आली की आणखी कुठून याच्याशी देणंघेणं नसतं, ग्लुकोज, माल्टोजसारखी कुठलीही क्षपणकारी साखर दिसली की तो नारिंगीचा तांबडा-तपकिरी होतो. पानाच्या मिथेनॉल अर्कात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज येतातच. एन्झाइम थोडं अडलं असलं तरी अर्काची स्वतःची साखर वर चढून बसते आणि अर्क वाढवला की तीही वाढते. थोडा अर्क घेऊन फेहलिंग टेस्ट कर, विटकरी साका बसला की साखर आहे हे कळेलच.

प्रत्येक मात्रेसाठी वेगळी नळी लाव: अर्क, बफर आणि स्टार्च असेल, पण एन्झाइम नसेल. तिचं रीडिंग त्या मात्रेच्या रीडिंगमधून वजा कर. अर्काचा हिरवा-तपकिरी रंगही त्यातच निघून जातो. मात्र एकूण रीडिंग दीडच्या वर जात असेल तर वजाबाकीवर विसंबू नकोस, पाणी वाढवून परत घे. फेस येतो तो सॅपोनिनचा, म्हणजे वनस्पतीतल्या साबणासारख्या द्रव्याचा; बेडकीतली जिम्नेमिक आम्लं त्याच कुळातली आहेत. नळी हलवू नकोस, नुसती कलती कर, आणि रीडिंगआधी सेंट्रिफ्यूज करून घे.

साखर काढूनच टाकायची असेल तर पाण्यातल्या अर्कात थेंब थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल घाल. जिम्नेमिक आम्लं खाली बसतात, साखर वरच्या पाण्यात राहते. साका धुऊन घे, बफरमध्ये विरघळव, पीएच परत ६.९ वर आण.

आणि मूळ मुद्दा राहिलाच. बेडकीसाठी अमायलेज हा प्रश्नच कदाचित चुकीचा आहे. तिचं ठळक काम जिभेवर आहे, ते तुम्ही घरी पाहिलंच. उंदरांवरच्या प्रयोगांत आतड्यातलं ग्लुकोजचं शोषण मंदावल्याचंही दिसलं आहे. यातलं काहीच तुझ्या नळीत दिसणार नाही. ब्लँक सुधारून आकडा शून्याजवळ आला, तर तोही निकालच आहे. तसाच लिही.

प्रतिसाद २

जांभूळबीबद्दल एक विचारतो. अर्कात एन्झाइम घातल्या घातल्या नळी गढूळ होते का?

धागाकर्ती

हो सर! गढूळ होते आणि थोड्या वेळाने तळाशी तांबूस साका बसतो. मला वाटलं अर्क नीट विरघळला नाही.

प्रतिसाद २

तो साका म्हणजे तुमचं एन्झाइमच आहे. जांभूळबीत टॅनिन भरपूर. कच्चं जांभूळ खाल्लं की तोंडाला आवळ बसते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं. नळीतही तेच झालं. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला मिठी मारतं, अमायलेजच्या जागी दुसरं एन्झाइम असतं तरी ९६ च आले असते. अकार्बोज एन्झाइमच्या नेमक्या खाचेत जाऊन बसतो. दोन्हीचे आकडे शेजारी लिहिले तरी ती एकच गोष्ट नव्हे.

आधी अर्कात १ टक्का जिलेटिनचं खारं द्रावण घाला, साका पडला की टॅनिन आहे. फेरिक क्लोराइडने निळा-काळा रंग येईल. मग दोन प्रयोग करा. एकात अर्क पीव्हीपीपीबरोबर ढवळून गाळून घ्या, त्याने टॅनिन बरंचसं निघतं. दुसऱ्यात बफरमध्ये बोव्हाइन अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घाला. टॅनिन त्याला चिकटेल आणि अमायलेज मोकळं राहील. यानंतर जे इनहिबिशन उरेल, त्यावर बोलू.

अकार्बोज शुद्ध घेतलाय की मेडिकलमधली गोळी कुटून? गोळीत भर म्हणून स्टार्च असू शकतो. तो गाळला नाही तर तुमच्या १ टक्क्याचा हिशोब चुकतो.

आणि कुंपणावरचा असला तरी वेल तज्ज्ञांना दाखवाच. फुलांसकट फांदी दाबून वाळवा आणि पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे किंवा आघारकर संशोधन संस्थेकडून ओळख पटवून घ्या. नमुना क्रमांकाशिवाय पेपर कुणी वाचायलाही घेत नाही.

प्रतिसाद ३

मी डॉक्टर आहे, आत्यापुरतंच लिहिते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडवतं. तुमचा प्रयोग आहे आतड्यात स्टार्च फुटण्याचा. नळीतला आकडा पूर्ण खरा ठरला तरी तो त्या गोळीची जागा घेत नाही, कारण दोघांची कामंच वेगळी. आत्याला असं सांगा: "तुझी गोळी इन्सुलिन काढते, माझी नळी फक्त पेज पचताना बघते."

पूड घेते हे मात्र त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना सांगायला हवं. या गोळीने साखर खाली जाऊ शकते, आणि सोबत काही घेत असल्याचं माहीत नसेल तर मात्रा चुकते. घाम, थरथर, छातीत धडधड झाली तर लगेच साखरपाणी द्या. गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज हवा तर एचबीए१सी करून घ्या. पण पूड खरंच काही करते का, हे एवढ्यावरून कळणार नाही, कारण गोळीही चालू आहे.

धागाकर्ती, आठ दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. फेहलिंगला बेडकीच्या अर्कात विटकरी साका आला, नळीच्या तळाशी बोटभर. एन्झाइमशिवायची नळी वजा केल्यावर वजा १८ चे अधिक ६ झाले. जिलेटिन घालताच जांभूळबीची नळी ताकासारखी पांढरट झाली, आणि अल्ब्युमिन घालून केलं तर ९६ चे ३१ उरले. अकार्बोज गोळीचाच होता सर, आता गाळून पुन्हा लावते आहे.

आत्याला ताईंचं पेजेचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. गोळी चालू आहे, सोमवारी रक्त द्यायला जाणार आहे.

आता एकच अडलंय. पीव्हीपीपी आमच्या विभागात नाही आणि मागवायला दीड महिना लागेल म्हणतात. रत्नागिरी किंवा कोल्हापूरच्या बाजूला कुणाच्या प्रयोगशाळेत दहा ग्रॅम मिळू शकेल का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन.