विकणे आहे: ट्रॉम्बोन, बाख कंपनीचा ४२बी (मूळचा राहिलेला नाही, नीट वाचा)

शिकागोकडच्या मंडळींनो, नमस्कार,

लेकीचा ट्रॉम्बोन (नळी पुढेमागे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य) विकायला काढतोय. कॉलेजात तिने केमिस्ट्री धरली आणि दोन वर्षं तो सोफ्यामागे पडलाय, आता बायको म्हणते तो तरी जाईल नाहीतर तुम्ही. लार्ज बोअर (म्हणजे आतून रुंद नळी), .५४७ इंच, साडेआठ इंची बेल (पुढचं कर्ण्यासारखं तोंड). सेकंडहँडच १,८०० डॉलरला घेतलेला, मग हायस्कूलला तिच्या सरांच्या नादाने त्यात आणखी १,४०० घातले. मूळचा रोटर (हवा जादा नळीत वळवणारा फिरता व्हॉल्व्ह) काढून थेयर नावाचा व्हॉल्व्ह बसवला, ती जादा म्हणजे एफची नळी बदलली, लीडपाइपचा (माउथपीस जिथे बसतो त्या नळीचा) डाख सोडवून तो सुटा केला (तीन आहेत, तिन्ही देतोय) आणि सगळं लॅकर (पितळेवरचं चकचकीत रोगण) उतरवलं. साध्या रोटरमध्ये हवेला गर्रकन वळावं लागतं, थेयर शंकूच्या आकाराचा, हवा जवळजवळ सरळ जाते, त्यामुळे अंगठ्याने लिव्हर दाबून बी-फ्लॅटचा एफ केला, म्हणजे सूर खाली उतरवला, तरी दम अडकल्यासारखं होत नाही.

आता एक कबुली. लॅकर नाही म्हणून पितळ चॉकलेटी झालं होतं आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं. गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून आई आली, आम्ही दोघं ऑफिसला, तिने बेल बेसिनमध्ये धरून चिंच-मिठाने घासली, समईसारखी लख्ख. संध्याकाळी मलाच म्हणते, "काय रे कळकट ठेवलंय, बघवेना मला." त्यामुळे बेल पिवळीधमक, बाकी सगळा काळा, आणि कडेला तळहाताएवढा गुलाबी डाग, कारण तिथे चिंच लावून ती फोनवर बोलत बसली. आवाजात मला तरी फरक वाटत नाही. स्लाइडला (सरकत्या नळीला) एकही पोचा नाही. २,६०० अपेक्षित.

– नेपरव्हिल

*

दादा, आमचे चिरंजीव सहावीत गेलेत, बँडमध्ये ट्रॉम्बोनच मिळालाय. त्याला चालेल का? थोडं कमी केलंत तर लगेच घेऊन जाते, मोठा झाला तरी हाच राहील.

– शॉमबर्ग

*

ताई, विकायची घाई आहे तरी सांगतो, नका घेऊ. एवढ्या बोअरला श्वास फार लागतो, पोरगं दोन ओळींत दमेल आणि वाद्यच सोडेल. शाळेतला माउथपीसही यात बसणार नाही, याला जाड दांड्याचा लागतो. दुकानातून महिन्याच्या भाड्याने साधा स्मॉल बोअरवाला घ्या. सातव्या पोझिशनला (स्लाइड सगळ्यात लांब ओढायची तेव्हा) हात पुरला नाही तर रागावू नका, आमची तर खांदा पुढे ढकलून मान वाकडी करायची.

– नेपरव्हिल

*

मी कम्युनिटी बँडमध्ये वाजवतो म्हणून विचारतोय. काढलेला रोटर आणि जुनी नळी ठेवलीय का? नसेल तर मला रस नाही. आणि लिव्हर न दाबता एफची ट्यूनिंग स्लाइड ओढून बघा, पॉक आवाज येतो का, नाही आला तर व्हॉल्व्ह गळतोय. किमतीचं म्हणाल तर राग मानू नका, कामाला घातलेले पैसे विसरा, ब्लाऊज कितीही भारी टेलरकडून शिवून घेतलं तरी ते दुसरीला तिच्या मापाचं थोडंच होतं. डाग धरून १,९००.

– ऑरोरा

*

काका, रोटर आहे, नळीही आहे, कामाच्या बिलासकट खोक्यात. पॉक आला पण तेल घातल्यावर, कोरडा होता तेव्हा नुसतं फुस्स, आणि लिव्हरची खटखट. थेयरला तेलाचे लाड लागतातच, तुम्हाला मी काय सांगायचं. १,९०० फारच कमी होतात हो, २,२०० करा.

– नेपरव्हिल

*

२,१००, आणि आधी माझा माउथपीस लावून अर्धा तास वाजवणार. गुलाबी डागाचं मला काही नाही, पण बेल परत काळी व्हायला वर्ष जाईल, तोवर बँडमधली पोरं मला विचारणार हे काय.

– ऑरोरा

*

चालेल. शनिवारी अकराला या, पोहे करतोय. वाजवायचं मात्र गॅरेजमध्ये, शेजारचे आजोबा रात्रपाळी करून झोपलेले असतात. आणि जमलं तर त्याच दिवशी घेऊनच जा, आई पुढच्या आठवड्यात परत येतेय आणि फोनवर विचारत होती, उरलेला कधी घासायचा.

– नेपरव्हिल