मदत हवी आहे: होम थिएटर काढून वेगळा अँप (अँप्लिफायर) आणि स्पीकर घ्यावेत का? (मुख्यतः शास्त्रीय गाणं, बजेट ७५ हजार)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नीट सल्ला देता येणार नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे २०१२ साली घेतलेलं ५.१ होम थिएटर आहे. डीव्हीडी प्लेयरच्याच डब्यात अँप, पाच चिमुकले स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर). पिक्चर बघायला आजही मस्त चालतं, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण गेल्या वर्षी बाबा कायमचे आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आले. वय ७६, जन्मभर गाणं ऐकलेला माणूस, येताना कपडे कमी आणि एलपीच जास्त आणल्यात, साठेक तरी असतील. रेकॉर्ड प्लेयर मात्र कधीच बिघडून गेलाय, त्यामुळे सध्या मी फोनला ऑक्स केबल लावून गाणं लावून देतो.

एकदा सकाळी भीमसेनजींचा तोडी लावला होता, बाबा थोडा वेळ ऐकत बसले आणि मग विचारलं, "तानपुरा कुठंय रे? वाजत नाहीये की मलाच ऐकू येत नाहीये?" मला एकदम धस्स झालं. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, ते म्हणाले वयाच्या मानाने ठीक आहे, वरच्या पट्टीतलं थोडं कमी झालंय एवढंच. घरी येऊन माझे हेडफोन त्यांच्या कानाला लावले आणि तेच रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. अर्ध्या मिनिटात डोळे मिटले, हात मांडीवर ताल धरायला लागला, म्हणाले, "हां, आता जवारी लागली." (जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा तो झंकार.) म्हणजे कान ठीक आहेत, सिस्टीममध्येच गडबड आहे.

तेव्हापासून मीही लक्ष देऊन ऐकायला लागलो आणि आता ते खटकायचं थांबतच नाही. तबल्याची चाट टीव्हीशेजारच्या छोट्या स्पीकरमधून येते आणि डग्गा कोपऱ्यातल्या सबवूफरमधून, जणू दोन माणसं खोलीच्या दोन टोकांना बसून वाजवतायत. डग्ग्यावर घिस्सा घेतला की आवाज चालता चालता एकीकडून दुसरीकडे जातो. कारण उघड आहे, त्या छोट्या स्पीकरमधला कोन, म्हणजे आवाज काढणारा गोल पडदा, जेमतेम ३ इंची, त्याला खालचे सूर झेपतच नाहीत, मग खर्जाचा बराचसा भाग सबवूफरकडे जातो. आणि पुरुष गायकाचा खर्ज नेमका तिथेच असतो हो!

फक्त स्पीकर बदलू म्हटलं तर तेही जमत नाही. याचे स्पीकर ३ ओहमचे, प्लग कंपनीचे स्वतःचे, सबवूफरला वेगळा अँप नाही, तोही त्याच डब्यावर चालतो. म्हणजे बदलायचं तर सगळंच.

मागच्या शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानं फिरलो. एकाने यामाहाचा ए-एस३०१ आणि व्हार्फडेल डायमंड १२.१ ऐकवले. अँप ६० वॅटचा, फोनो इनपुट आहे म्हणजे पुढे रेकॉर्ड प्लेयर सरळ लावता येईल, ऑप्टिकल आहे म्हणजे टीव्हीही जोडता येईल (टीव्हीचा आवाज पीसीएमवर, म्हणजे साध्या डिजिटल आवाजावर, ठेवावा लागेल म्हणाला, डॉल्बी त्याला कळत नाही). दुसरा म्हणाला स्टिरिओ अँपच्या भानगडीत पडू नका, एव्ही रिसीव्हर (पिक्चरसाठीचा, पाच-सात स्पीकर चालवणारा अँप) घ्या, आज दोन स्पीकर लावा, पुढे पाच करा. तिसरा १०० वॅटच्या खाली बोलायलाच तयार नव्हता. पण मी हिशोब केला, ८८ डीबी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८८ डीबी देतो, १० वॅटला ९८. आमचा हॉल १० बाय १४, भिंतीपलीकडे शेजारी, मला १०० वॅट लागणार कुठे?

आता खरी अडचण. घरी आल्यावर काहीच खर्च न करता एक प्रयोग केला. सबवूफर कोपऱ्यातून काढून दोन स्पीकरच्या मध्ये आणला, त्याचा आवाज निम्म्यावर केला, फरशीवर आईची जुनी जाड सतरंजी घातली आणि स्लायडिंग खिडकीचा पडदा ओढून घेतला. आणि फरक पडला! तानपुरा काही आला नाही, पण डग्ग्याची घुमघुम गेली, शब्द स्वच्छ झाले. तेव्हापासून मनात घोळतंय की दोष किती सिस्टीमचा आणि किती आमच्या हॉलचा? सगळी फरशी, एक भिंत तर अख्खी काचेची. उद्या ७५ हजार घालून तिथे तसंच वाजलं तर बाबांनाच जास्त वाईट वाटेल, ते आधीच म्हणतायत माझ्यासाठी एवढा खर्च नको.

तर ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी प्लीज सांगा. नुसतं गाणं ऐकायला स्टिरिओ अँपच बरा ना, की रिसीव्हरमध्येही तानपुरा-तबला तितकाच चांगला वाजतो? बुकशेल्फ स्पीकर भिंतीपासून फूटभरच पुढे ठेवता येतील, मागे पोर्ट (हवेचं भोक) असलेले चालतील का, की पुन्हा डग्गा घुमेल? आणि अँप जुना घेऊन वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घालावेत असं एक मित्र म्हणतोय, पण दमट हवेत पंधरा-वीस वर्षं राहिलेल्या अँपचं नेमकं काय तपासायचं? रेकॉर्ड प्लेयरचं पुढच्या वर्षी बघू, आत्ता ते नाही.

येत्या रविवारी बाबांनाच सोबत घेऊन पुन्हा जाणार आहे. पेनड्राइव्हमध्ये तोच तोडी, किशोरीताईंचं एक आणि एक सोलो तबला भरून ठेवलाय. दुकानात ऐकताना अजून कशाकडे लक्ष द्यायचं तेवढं शनिवारपर्यंत लिहा.