'बग' म्हणजे ढेकूण की कुठलाही किडा?

पानोपानी: मुलांसाठीच्या एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करतेय. त्यात मुंगीही बग, कोळीही बग. शब्दकोश 'ढेकूण' म्हणतो, पण मी सरसकट 'किडा' केलंय. पोट बिघडवणारा जंतू बग, लपवलेला मायक्रोफोन बग, प्रोग्राममधली चूकही बग. इतक्या पसरलेल्या शब्दाला शास्त्राच्या चौकटीत कोंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

भुंगेरा: अजिबात पटलं नाही. कीटकशास्त्रात बग म्हणजे हेमिप्टेरा गणातले कीटक. सोंड खुपसून रस किंवा रक्त शोषणारे, कोषात न जाता पिल्लाचे थेट प्रौढ होणारे. ढेकूण, मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण हे सगळे त्यातले. कोळी तर आठ पायांचा, कीटकही नाही. आणि 'लेडीबग' हा आपला ढालकिडा, म्हणजे भुंगेरा. तो मावा फस्त करतो! पिकाचा रस शोषणारा आणि त्याला खाणारा, दोघेही नुसते 'किडा' म्हटले की फवारणीत दोघेही मरतात. शब्द ढिला ठेवल्याचं हे नुकसान मला फार लागतं.

पानोपानी: मग पांढरी माशी? ती माशी नाही, तुमच्या हेमिप्टेरातलीच आहे. आपल्याही लोकांनी दिसलं तसं नाव ठेवलं आणि कुणाचं अडलं नाही.

भुंगेरा: पांढऱ्या माशीचं मान्य. पण एक नाव चुकलं म्हणून बाकीची का सोडायची?

रिलेवाला: संगणकातला बग १९४७ साली जन्मला असं सांगतात, हार्वर्डच्या मार्क टू या जुन्या संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग हा कीटक अडकला तेव्हा. ते खरं नाही. एडिसनने १८७८ च्या पत्रातच यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना बग म्हटलंय. मार्क टूच्या नोंदवहीत पतंग चिकटवून 'बग सापडल्याची पहिली खरी घटना' असं लिहिलं, कारण शब्द आधीपासून तोंडात होता. आणि पतंग काही हेमिप्टेरा नव्हे. त्यामुळे मी 'किडा'च्या बाजूने. प्रोग्रामसाठी मात्र बगच राहू दे, तिथे 'किडा' कुणी म्हणत नाही.

भुंगेरा: निदान कोळ्याच्या पानावर तरी 'किडा' छापू नका. मुलं पाय मोजतात.

पानोपानी: तिथे 'कोळी' आणि लेडीबगच्या पानावर 'ढालकिडा' करते. बाकी ठिकाणी 'किडा'च ठेवणार.