परदेशात कुटुंबासोबत फिरताना: रेल्वे, गाडी की विमान? तुमचे अनुभव सांगा

देश ठरतो, तारखा ठरतात, व्हिसाची कागदपत्रं गोळा होतात आणि मग घरात खरी खडाजंगी सुरू होते: तिथे एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं कशानं? एकट्यादुकट्याला हा प्रश्न फारसा छळत नाही. सोबत तान्हं बाळ, गुडघेदुखीची आजी आणि खिडकीसाठी भांडणारी भावंडं असली की नकाशावरच्या अंतराला काही अर्थ उरत नाही.

तिकिटांच्या दरांची तुलना इथे नको, ती कुठेही मिळते. तुमच्यासोबत कोण होतं, तुम्ही काय निवडलं, का निवडलं आणि त्यामुळे दिवस कसा गेला, ते लिहा. देशाचं नाव जरूर सांगा, कारण एका देशात चाललेली युक्ती शेजारच्या देशात चालेलच असं नाही.

सुरुवात मीच करते. आम्ही चौघं, मुलं सात आणि अकरा वर्षांची, लंडनहून पॅरिसला युरोस्टारनं गेलो. विमान हवेत असतं जेमतेम सव्वा तास, ही रेल्वे सव्वादोन तासांहून थोडा जास्त वेळ घेते. तरी दारापासून दारापर्यंतचा वेळ धरला तर माझं मत रेल्वेलाच. दोन्हीकडची स्टेशनं शहराच्या आत आहेत. ब्रिटनमधून निघण्याची आणि फ्रान्समध्ये शिरण्याची अशा दोन्ही पासपोर्ट तपासण्या लंडनलाच उरकतात, पॅरिसला उतरलं की सरळ रस्त्यावर. विमानातली शंभर मिलिलिटरची अट इथे नाही, त्यामुळे पाण्याच्या भरलेल्या बाटल्या नेता येतात. मात्र आयत्या वेळी धावत जाऊन पकडायची ही गाडी नव्हे. गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी प्रवेश बंद होतो, आणि सामानाची तपासणीही असते. व्हिसा लागत असेल तर ब्रिटनचा वेगळा, शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) वेगळा. मध्येच लंडनला जाऊन पुन्हा युरोपात यायचं असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा हवा. आणि लहान मुलांना आधीच सांगून ठेवा की समुद्राखालच्या बोगद्यात मासे दिसत नाहीत. वीसेक मिनिटं नुसता काळोख असतो.

*

धागा छान काढलात ताई. आमची मुलगी तीन वर्षांची, मुलगा सहाचा. स्वित्झर्लंडला गेलो आणि रेल्वेशिवाय दुसरा विचारही करावा लागला नाही.

झुरिकहून बर्नला जाणाऱ्या दुमजली इंटरसिटीत मुलांचा वेगळा डबा असतो. वरच्या मजल्यावर घसरगुंडी, चढायला-लपायला जागा, आणि आईबाबांना बसायला शेजारीच बाकं. बाबागाडी खाली ठेवायची. आमची धाकटी घसरगुंडीवरून घसरायची, वळसा घालून परत रांगेत यायची आणि पुढच्या मुलाच्या शर्टाचं टोक धरून उभी राहायची. त्या मुलाची भाषा वेगळी, हिची वेगळी, पण रांग दोघांनाही कळत होती. तासाभरात बर्न आलं तर उतरायला तयार होईना.

अडचण असते ती गाडी बदलताना. तिथल्या वेळापत्रकात दोन गाड्यांमध्ये अनेकदा पाच-सात मिनिटंच असतात. समोरच्याच फलाटावर पुढची गाडी असली तर ती पुरतात, जिना उतरून पलीकडे जायचं असेल तर धांदल. आम्ही कामं वाटून घेतली होती. स्टेशन यायच्या आधीच नवरा बॅगा घेऊन दाराशी, मी मुलांचे बूट-जॅकेट चढवून त्याच्या मागे. दार उघडलं की आधी बॅगा, मग मुलगा, मग कडेवर धाकटी. रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये पुढच्या गाडीचा फलाट आणि डबा फलाटाच्या कुठल्या भागात, ए की डी, येणार तेही दिसतं. ते आधी बघून ठेवलं तर अर्धी धावपळ वाचते.

स्विस ट्रॅव्हल पास घेतलात तर फॅमिली कार्ड मागून घ्या, वेगळे पैसे पडत नाहीत. आई किंवा बाबा सोबत असतील तर सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा प्रवास त्यावर फुकट होतो. सहाच्या आतल्यांना तसंही तिकीट नाही.

*

वरचं वाचून सगळे रेल्वेकडे वळतील, म्हणून उलट बाजू मांडतो. माझ्यासोबत आई होती, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. चार पावलं सपाटीवर चालते, जिना चढू शकत नाही.

युरोपातल्या सगळ्या गाड्या फलाटाच्या पातळीत नसतात. जुन्या डब्यांना आत चढायला दोन-तीन उंच पायऱ्या, मधल्या स्टेशनवर गाडी थांबते दोन-तीन मिनिटं, आणि लिफ्ट बंद असली तर मोठाच प्रश्न. रेल्वेतही मदतनीस मिळतात, आधी कळवावं लागतं. पण वाटेत गाडी बदलायची असेल तर प्रत्येक स्टेशनवरची व्यवस्था वेगळी, आणि प्रत्येक ठिकाणी जीव टांगणीला. म्हणून व्हिएन्नाहून रोमला आम्ही विमानानं गेलो.

विमानतळावर चेक-इनपासून एक माणूस आईची खुर्ची घेऊन सोबत असतो. तो सुरक्षा तपासणीतून नेतो, दारापर्यंत सोडतो, आणि उतरल्यावर दुसरा खुर्ची घेऊन उभा असतो. विमान लांब उभं असेल आणि शिडीनं चढायचं असेल तर उचलणारी गाडी येते, तिची पेटी वर जाऊन थेट विमानाच्या दाराला लागते. आई आधी घाबरली होती, नंतर त्या पेटीच्या काचेतून अख्खा विमानतळ बघत बसली. युरोपीय नियमांप्रमाणे या मदतीला पैसे लागत नाहीत, निदान ४८ तास आधी कळवायचं.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हणू नका. विमान कंपन्यांचे तीन प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांबचं चालवत नाही पण जिना चढतो, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही पण विमानात जागेपर्यंत चालतो, आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, जागेपर्यंत न्यावं लागतं. तुमच्या आईवडिलांना लागू पडतो तोच प्रकार नोंदवा. पहिला नोंदवला गेला तर उचलणारी गाडी मिळेलच असं नाही.

*

आइसलंड. तिथे रेल्वे नाहीच, त्यामुळे वादही नाही. देशाला वळसा घालणारा रिंग रोड तेराशे किलोमीटरच्या वर आहे, आणि मुलं घेऊन तो घाईनं करण्यात मजा नाही. दोन सूचना. वाऱ्याच्या दिवशी मुलांना गाडीचं दार स्वतः उघडू देऊ नका, वारा दार हिसकावून उलटं वाकवतो आणि साध्या विम्यात हे नुकसान बऱ्याचदा बसत नाही. दुसरं, क्रमांकाआधी एफ लिहिलेले डोंगरी रस्ते फक्त फोर बाय फोर गाडीसाठी आहेत. हिवाळ्यात जाणार असाल आणि बर्फात चालवायची सवय नसेल तर राजधानीत राहून तिथल्या बसनं फिरा.

*

आम्ही दोघे भाऊ सहकुटुंब, वर आई-बाबा. मोठी गाडी घेऊन इटलीतला टस्कनी भाग बघितला. टस्कनीला गाडीच हवी, या मतावर मी ठाम आहे. टेकड्यांवरची शेतघरं, जिथे पाहुण्यांना राहू देतात, तिथे बस क्वचितच जाते. सान जिमिन्यानोसारख्या प्रसिद्ध गावाला रेल्वे स्टेशन नाही, पोज्जिबोन्सीला उतरून बस धरावी लागते. वाटेत बाबांना दरी बघत बसावंसं वाटलं तर आम्ही थांबायचो. हे स्वातंत्र्य रेल्वेत नाही.

मात्र फ्लॉरेन्समध्ये गाडी घेऊन शिरू नका. जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएल असतं, म्हणजे ठरावीक वाहनांनाच प्रवेश. पांढरी पाटी, तिच्यावर लाल वर्तुळ, आणि वर कॅमेरा. कोणी अडवत नाही, शिटी वाजत नाही. दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते, शिवाय तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडी देणारी कंपनी वेगळे पैसे कापते. आम्ही फ्लॉरेन्सला रेल्वेनं गेलो, शहर पायी बघितलं आणि शहर सोडायच्या सकाळी गाडी ताब्यात घेतली. पार्किंगचाही प्रश्न मिटला.

नऊ आसनी गाडीबद्दल जरा सविस्तर लिहितो. साध्या कारच्या परवान्यावर ती युरोपात चालवता येते, म्हणून मोठ्या कुटुंबांना मोह होतो. पण नऊ माणसं बसली की शेवटच्या रांगेमागे उरते ती हातभर फट. नऊ जणांच्या मोठ्या बॅगा तिथे मावत नाहीत. एक तर सात जणांनी ती घ्यावी, नाहीतर दोन गाड्या. लहान मुलांच्या आसनांचं आधी सांगून ठेवा. इटलीत आणि जर्मनीत दीड मीटरपेक्षा बुटक्या मुलांना वयाप्रमाणे खास आसन लागतं (जर्मनीत हे बारा वर्षांपर्यंत). आपल्या वाहन परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना जवळ हवा, आणि अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं. सीमा ओलांडणार असाल तर करारात त्या देशाचं नाव लिहून घ्या. स्वित्झर्लंडच्या महामार्गांना वर्षभराचं टोल-विनेट (स्टिकर किंवा ऑनलाइन) लागतं, दोन दिवसांसाठीही तेच. ऑस्ट्रियात थोड्या दिवसांचंही मिळतं.

गाडी परत देताना दाराखालच्या ओरखड्यावरून आमच्याकडे पैसे मागितले. भावानं गाडी घेतानाच चारी बाजूंनी, चाकांसकट, व्हिडिओ घेतला होता. तो दाखवल्यावर विषय संपला.

*

व्हिएन्ना ते व्हेनिस रात्रीच्या रेल्वेनं. मी आणि माझ्या दोन मुली, तेरा आणि सोळा. अख्खा कप्पा आपल्यासाठी घेतला तर अनोळखी माणसांसोबत झोपायचा प्रश्न येत नाही, मुलींना घेऊन जाणाऱ्या आईला हे महत्त्वाचं वाटेल. गाढ झोप लागत नाही, गाडी रात्री थांबते, हलते, पुन्हा थांबते. पण सकाळी स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनाल! विमानतळावरून येणाऱ्याला हे असं एकदम भेटत नाही. आणि व्हेनिसला मोटारीनं जाण्याचा विचार सोडाच, ती शहराच्या तोंडाशीच ठेवावी लागते.

*

स्वस्त विमानांबद्दल इशारा द्यायचाय. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं जोडून केलेला प्रवास कुटुंबासोबत करू नका, मध्ये मोठी फट नसेल तर नाहीच. आमचं पहिलं विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं, दुसरं तोवर उडालं होतं. दुसऱ्या कंपनीनं हात वर केले, कारण त्यांच्या दृष्टीनं आम्ही वेळेवर आलोच नव्हतो. पाच जणांची नवी तिकिटं आणि एक रात्रीचं हॉटेल आमच्या खिशातून. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असता तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीवर बंधनकारक होतं.

पहिल्या कंपनीकडून मात्र भरपाई मिळाली, कारण विमान युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटलेलं होतं. तिथल्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे तीन तासांवर उशीर झाला तर दीड हजार किलोमीटरपर्यंत माणशी २५० युरो, त्याहून लांब असेल तर ४०० किंवा ६००. वादळासारखं कारण असेल तर ही रक्कम नाही, पण खाण्याची आणि मुक्कामाची सोय तेव्हाही करावीच लागते. वेगळी जागा घेतलेल्या मुलांचीही भरपाई मागा. आमच्या धाकट्याचं नाव त्यांनी आधी गाळलं होतं, पत्र लिहून ते घालून घेतलं. रेल्वेतही हक्क आहेत. युरोपीय संघात तासभर उशिराला तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांवर ५० टक्के परत मिळतात, बाहेरची कारणं सोडून.

*

माझा मुलगा स्वमग्न आहे, वय दहा. त्यामुळे आमचं गणित निराळं. वेग, पैसा, देखावा हे सगळं नंतर. त्याला पुढे काय होणार हे माहीत असलं पाहिजे, एवढी एकच अट.

न्यूझीलंडला आम्ही गाडीनं फिरलो. गाडीत त्याची जागा ठरलेली, डाव्या खिडकीची. पायाशी त्याची निळी पिशवी, कानावर आवाज अडवणारे हेडफोन. त्रास व्हायला लागला की तो पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळायला लागतो. ते दिसलं की पुढची जागा बघून आम्ही थांबायचो, तो उतरून गाडीला एक फेरी मारायचा, पुन्हा बसायचा. रेल्वेत किंवा विमानात ही फेरी मारता येत नाही. दुसऱ्या प्रवाशांच्या नजरा नाहीत, ‘मुलाला जरा समजवा’ असं कोणी म्हणत नाही. त्या सहलीत मी मोकळेपणानं श्वास घेतला.

अडचण आली ती उत्तर बेटावरून दक्षिण बेटावर जाताना. वेलिंग्टन ते पिक्टन फेरीबोट साडेतीन तास घेते. काही कंपन्या सांगतात, ही गाडी वेलिंग्टनला ठेवा, पिक्टनला दुसरी घ्या. इतरांना ते सोयीचं असेल, आम्हाला शक्यच नव्हतं. गाडीचा वास बदलला, खिडकीचं बटण बदललं, तर पुढचे दोन दिवस गेले. म्हणून बोटीवर गाडी न्यायला परवानगी देणारी कंपनी शोधली. एकपदरी पूल खूप आहेत, कोणी आधी जायचं ते बाण सांगतो. ते बाण वाचायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं, एकही सोडला नाही.

येता-जाता विमान टळत नाही. अनेक विमानतळांवर सूर्यफुलाचं चित्र असलेला हिरवा पट्टा मिळतो, दिसून न येणाऱ्या अपंगत्वासाठी. २०१६मध्ये लंडनच्या गॅटविकला ही कल्पना सुरू झाली. तो गळ्यात घातला की कर्मचारी ओळखतात, वेळ देतात, मोठ्यानं बोलत नाहीत. कारण सांगत बसावं लागत नाही.

*

आम्ही आजी-आजोबा, मुलगा, सून आणि नातू असे जपानला गेलो होतो. तोक्योहून क्योतोला शिनकानसेननं (बुलेट ट्रेननं) सव्वादोन तास. क्योतोला स्वतःचा विमानतळ नाही, त्यामुळे विमानाचा प्रश्न तिथेच मिटतो. साध्या वर्गात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन आसनं, म्हणजे पाच जणांना एक पूर्ण ओळ. आसनं फिरवता येतात, सगळे समोरासमोर बसू शकतात. सामानाचं मात्र बघून ठेवा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरवर गेलेल्या बॅगेसाठी डब्याच्या टोकाची, मागे जागा असलेली आसनं आधी राखून ठेवावी लागतात. आम्ही मोठ्या बॅगा हॉटेलातूनच कुरिअरनं पुढच्या हॉटेलला पाठवल्या, दुसऱ्या दिवशी पोचल्या. मधल्या स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटंच थांबते, त्यामुळे म्हाताऱ्यांचे हात मोकळे असलेले बरे.

पुढच्या खेपेला हिरोशिमा आणि मियाजिमा बेट करायचं मनात आहे. क्योतोत मुक्काम ठेवून एका दिवसात लहान मुलाला घेऊन कोणी जाऊन आलं असेल तर लिहा. दगदग किती होते, आणि तिथे एक रात्र राहणं बरं का?