मैदानात बॅग नको म्हणता, मग ती ठेवायची कुठे?

उत्तर स्टँड

गेल्या बुधवारी ऑफिसातून थेट फुटबॉलच्या सामन्याला गेले. सोबत अकरा वर्षांची लेक. मैदानाचं आणि आयोजकांचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडतं असं नाही.

खांद्याला रोजची सॅक होती. त्यात लॅपटॉप, रिकामा डबा, पाण्याची बाटली आणि लेकीचा दम्याचा पंप. गेटवरचे दादा म्हणाले, "मॅडम, बॅग आत जाणार नाही." कुठे ठेवू विचारलं तर म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा." समोरच्या चहाच्या टपरीवाल्याने ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर पन्नासेक बॅगा रचल्या होत्या. बॅगेमागे शंभर रुपये. चिठ्ठी नाही, नंबर नाही. "मला चेहरा लक्षात राहतो ताई," एवढीच हमी. पंप खिशात घातला, ऑफिसचा लॅपटॉप त्या ताडपत्रीवर सोडला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. पहिला गोल आम्ही रांगेतूनच ऐकला. लेकीने विचारलं, "कोणी मारला?" मला सांगता आलं नाही.

बॅगबंदीचा नियम होता, हे खरं. तिकिटाच्या मेलमध्ये अगदी तळाला, बारीक अक्षरात, इंग्रजीत.

तपासणीला माझा विरोध नाही. पाच हजार माणसं जमतात तिथे झडती हवीच. पण बॅग नको म्हणणाऱ्याने ती ठेवायची सोय केलीच पाहिजे. आणि गेटबाहेरची रांग हा मैदानाचाच भाग आहे. तिथे काय होतं याची जबाबदारी आयोजकांचीच. तुम्हाला काय वाटतं?

गेट सुपरवायझर

ताई, त्रास झाला हे कळतंय. पण दुसरी बाजूही ऐका. खासगी सुरक्षा कंपनीत नऊ वर्षं गेटवर काढली आहेत.

साधा हिशेब मांडतो. धरा, ८,००० प्रेक्षक आणि दहा रांगा. बिनबॅगेच्या माणसाला आठ सेकंद लागतात: हात वर, कमरेवरून डिटेक्टर, खिसे, पुढे. बॅगवाल्याला तीस सेकंद. चेन उघडा, डबा उघडा, चार्जर काय, छत्री काय, पुन्हा बंद करा. कोणाकडेच बॅग नसेल तर पावणेदोन तासांत सगळे आत. चारांतल्या एकाकडे बॅग असेल तर तीन तास. आणि आपले लोक येतात कधी? सामन्याआधी पाऊण तास. म्हणजे बॅग आली की गेटबाहेर गर्दी आलीच. बंदी कोणाला छळायला नसते, रांग हलती राहावी म्हणून असते.

ढिलाई केली की काय होतं तेही सांगतो. १ फेब्रुवारी २०१२, इजिप्तमधलं पोर्ट सईद. अल मसरी विरुद्ध अल अहली. लोक सुरे आणि दांडकी घेऊन आत गेले होते. सामना संपल्यावर मैदानात उतरून पाहुण्या संघाच्या समर्थकांवर तुटून पडले. ७४ माणसं गेली. तो आकडा मी विसरत नाही.

तालीमवाला

सुपरवायझर साहेबांना पूर्ण पाठिंबा. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर लहानपणापासून जातोय. आमच्याकडे संघ म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे घर. पाटाकडील आणि शिवाजी हे दोन संघ समोरासमोर आले की दुपारी गल्ली रिकामी होते. असल्या सामन्यात भरलेली बाटली म्हणजे दगडच. झाकण लावलेली एक लिटरची बाटली वरच्या पायरीवरून खाली आली तर डोकं फुटतं. मी बघितलंय, पोरगा आमच्याच तालमीचा होता, कपाळावर टाके पडले. म्हणून बाटली नको, सॅक नको, काही नको. खेळ बघायचा तर हात हलवत या.

एकच अडचण, आणि ती कोणी बोलत नाही. हेल्मेट. गाडीवरून येणाऱ्याने हेल्मेट घालायचं हा कायदा आणि मैदानात हेल्मेट न्यायचं नाही हा नियम. गाडीला अडकवलं तर परत येईपर्यंत गायब. माझी दोन गेली.

साधा प्रेक्षक

मुळात दीड-दोन तासांच्या खेळाला बॅग लागते कशाला? मोबाइल, तिकीट, घराची किल्ली. संपलं. नियम माहीत असताना बॅग घेऊन यायचं आणि मग गेटवर वाद घालायचा, त्यात मागचे दोनशे जण खोळंबतात. स्पष्ट बोलल्याबद्दल माफी, पण मी त्या मागच्या दोनशेंपैकी आहे.

लंडनकर

मूळचा डोंबिवलीचा, बारा वर्षं लंडनमध्ये आहे. इथल्या मैदानांवर काय चालतं ते सांगतो. त्यातलं चांगलंही सांगतो आणि फसलेलंही.

प्रीमियर लीगच्या बहुतेक मैदानांवर आता मोठी बॅग चालत नाही. सर्वसाधारण माप ए-फोर कागदाएवढं. नियम कडक होत गेले ते १३ नोव्हेंबर २०१५ नंतर. त्या रात्री पॅरिसच्या स्टाद द फ्रान्सवर फ्रान्स-जर्मनी सामना चालू असताना तीन आत्मघाती स्फोट झाले. मग २२ मे २०१७ ला मँचेस्टर अरीनात, तिथे सामना नव्हता, गाण्याचा कार्यक्रम होता. २२ जणांचा जीव गेला. अमेरिकेत तर व्यावसायिक फुटबॉलच्या मैदानांवर, म्हणजे त्यांच्या त्या हातात धरून खेळायच्या फुटबॉलच्या, २०१३ पासून पारदर्शक पिशवीच न्यावी लागते. उघडून बघायचा वेळच वाचतो.

पण सुपरवायझर साहेब, या दोन्ही घटनांमध्ये एक गोष्ट समान आहे. पॅरिसला तिन्ही स्फोट मैदानाच्या बाहेर झाले. मँचेस्टरला हल्लेखोर सॅक घेऊन तपासणीच्या बाहेर, लोक बाहेर पडतात त्या दालनात उभा होता. म्हणजे आतला माणूस तपासून सुरक्षित केला, पण बाहेर जमलेला तसाच उघड्यावर राहिला. रांग जितकी लांब, तितका हा धोका मोठा.

दुसरा धोका चेंगराचेंगरीचा. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो. लिव्हरपूलच्या समर्थकांच्या, उभं राहून बघायच्या स्टँडला दहा हजारांवर लोकांसाठी सात टर्नस्टाइल, म्हणजे एकेकाला आत सोडणारे फिरते दांडे, होते. बाहेर माणसं दाबली जाऊ लागली म्हणून पोलिसांनी बाहेर जाण्याचं मोठं गेट उघडलं आणि तो लोंढा आधीच भरलेल्या मधल्या भागात शिरला. ९७ जण गेले. वर्षानुवर्षं दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला: उशिरा आले, दारू पिऊन आले. ते खोटं होतं हे ज्यूरीने २०१६ मध्ये सांगितलं. म्हणून "लोक उशिरा येतात" हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते, साहेब. तुम्ही वाईट हेतूने म्हणत नाही हे माहीत आहे.

त्यातून इथे एक शिस्त आली. मैदानांच्या सुरक्षेची जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात एका टर्नस्टाइलमधून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसंच मोजायची असं ठरलेलं आहे. आधी माणसं मोजायची, मग गेट मोजायची. गेट कमी असतील तर तिकिटं कमी विकायची.

गेट सुपरवायझर

लंडनकर, ६६० म्हणजे माणसामागे साडेपाच सेकंद. तेवढ्यात आपल्याकडे अंगझडती होत नाही. तुमच्याकडे तिकीट मोजणं वेगळं आणि झडती वेगळी, आपल्याकडे दोन्ही त्याच लोखंडी कठड्यापाशी. शिवाय मैदानाला लागून रस्ता, रस्त्यावर रिक्षा, गाड्या, वडापावचे ठेले. रांग मागे हटवायला जागाच नाही. मला दहा रांगा हव्या असतात, मिळतात सहा. वर सांगितलं तर उत्तर येतं, बजेट नाही. तेव्हा माझ्या हातात एकच उपाय उरतो, तो म्हणजे बॅग बंद.

उत्तर स्टँड

साधा प्रेक्षक, तुमचं म्हणणं समजलं, पण "बॅग लागते कशाला" याचं उत्तर माझ्याकडे आहे. संध्याकाळी साडेसातच्या सामन्याला जो कामावरून येतो, त्याला लागते. घरी जाऊन बॅग ठेवून परत यायचं तर लोकलचे दोन प्रवास आणि सामन्याचा पूर्वार्ध गेला. सामना कामाच्या दिवशी ठेवला तो लीगने. आणि नियम मला माहीत नव्हता, तो मला समजेल अशा ठिकाणी लिहिलेलाच नव्हता. तिकीट काढताना पहिल्याच पानावर मराठीत एक ओळ टाका: "सॅक, बाटली, हेल्मेट आत नेता येणार नाही." मी सॅक ऑफिसात ठेवून आले असते. मागचे दोनशे खोळंबले नसते.

मधुमेही आजोबा

नातवाबरोबर सामने बघतो. वय ६८. इन्सुलिनचं पेन, साखरेच्या गोळ्या आणि बिस्किटाचा पुडा जवळ ठेवावाच लागतो. मागच्या वेळी बिस्किटं गेटवरच्या ढिगात गेली. त्या ढिगात पॉवर बँक, लायटर, चिल्लर, कंगवे, अत्तराच्या बाटल्या, एका लहान मुलाची दुधाची बाटलीसुद्धा होती. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, ती वाचायला कोणाला वेळ नव्हता. रांगेत मी एकटा थोडाच होतो असा.

पाण्याचंही तेच. ६ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचा भारत-अमेरिका सामना होता. हजारो शाळकरी मुलं आणली होती आणि आत प्यायला पाणी पुरलं नाही. वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. बाटली बाहेर ठेवायला लावायची तर आत नळ हवा, तोही फुकट. तालीमवाले, तुमच्या बाटलीच्या भीतीवर उपाय आहे: झाकण काढून द्या किंवा कागदी पेल्यात पाणी द्या. बिनझाकणाची बाटली लांब जात नाही.

तालीमवाला

आजोबा, हे पटलं. झाकणाचं बरोबर आहे. औषधाला माझी ना नाही, कधीच नव्हती.

पण ताई, बॅगा ठेवायची खोली केली की तिथेही रांग लागणार, आणि सामना संपल्यावर हजार माणसं एकदम बॅग मागणार. दोन्ही पेठांची पोरं त्याच खिडकीवर. हरलेल्या संघाची आणि जिंकलेल्याची. तिथे काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतंय. हा प्रश्न सोडवल्याशिवाय खोली नको.

लंडनकर

तालीमवाल्यांचा मुद्दा अगदी खरा आहे. म्हणून बॅगा ठेवायची जागा मैदानापासून लांब हवी आणि दोन्ही बाजूंच्या समर्थकांची वेगळी हवी. इथे काही क्लब पैसे घेतात, ते मला पटत नाही, पण पावती मिळते.

पॅरिसचं आणखी एक सांगायचं राहिलं. २८ मे २०२२, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, लिव्हरपूल-रेआल माद्रिद, पुन्हा तेच स्टाद द फ्रान्स. एका रेल्वेमार्गावर संप होता म्हणून लोक दुसऱ्या स्टेशनवरून आले. त्या बाजूच्या वाटेवर महामार्गाखाली तिकीट आणि झडतीचा नाका लावलेला, वाट अरुंद. माणसं तुंबली. सामना ३६ मिनिटं उशिरा सुरू झाला, अश्रुधूर सोडला, लहान मुलं आणि अपंग प्रेक्षक त्यात सापडले. सरकारने आधी सांगितलं की तीस-चाळीस हजार लोक बनावट तिकिटं घेऊन किंवा बिनतिकीट आले होते. स्वतंत्र समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२३ मध्ये आला आणि मुख्य जबाबदारी आयोजक युएफावर, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघावर ठेवली. म्हणजे सुरक्षेसाठी लावलेल्या नाक्यानेच माणसं जवळजवळ चिरडली असती.

साधा प्रेक्षक

हे वाचून माझं मत थोडं हललं, पूर्ण बदललं नाही. बॅगबंदी राहू दे. पण मेलच्या तळाशी बारीक अक्षरात नियम टाकून प्रेक्षकाला दोष देणं चूक आहे, हे मान्य. आणि बॅगवाल्यांची रांग वेगळी करा. ज्याच्याकडे काही नाही तो सटासट आत जाईल, ज्याच्याकडे बॅग आहे त्याला ताटकळावं लागेल हे आधीच माहीत असेल. यात कोणावर अन्याय नाही.

उत्तर स्टँड

वेगळी रांग मलाही चालेल. मी थांबेन.

एक गोष्ट मूळ धाग्यात लिहायला संकोच वाटला होता. महिलांच्या झडतीला पडदा असतो, पण पर्स तपासायचं टेबल पडद्याच्या बाहेर, सगळ्यांसमोर. माझ्या पुढच्या मुलीच्या पर्समधून पॅडचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि तसंच राहू दिलं. शेजारच्या रांगेतली मुलं बघत होती. ती मुलगी पर्स न उचलता काही क्षण नुसती उभी होती. माझ्या लेकीने ते पाहिलं. परत येताना तिने विचारलं, पुढच्या वेळी आपण काहीच न्यायचं नाही का.

गेट सुपरवायझर

हे मला ठाऊक नव्हतं, कारण महिलांच्या बाजूला आम्ही जात नाही. टेबल पडद्याच्या आत घेता येतं, त्याला बजेट लागत नाही. माझ्या गेटवर पुढच्या सामन्याला घेतो. औषधाची चिठ्ठी वाचायला एक माणूस बसवतो, तोही माझ्या अखत्यारीत आहे. बॅगा ठेवायची जागा आणि जास्तीच्या रांगा माझ्या हातात नाहीत, त्यासाठी तुम्ही प्रेक्षकांनीच लीगला लिहायला हवं. आमचं कोणी ऐकत नाही.

उत्तर स्टँड

लिहिते. पत्राचा मसुदा उद्या इथेच टाकते, सह्या करा. एक विचारू? तुमच्या गेटवर महिलांच्या रांगेला किती जणी असतात?

गेट सुपरवायझर

दोन. त्यातली एक पाणी प्यायला गेली की एक.