१२०० किलोचा कॅम्पिंग ट्रेलर ओढायला कुठली गाडी घ्यावी?

खानापूरकर: झोपायची सोय असलेला ट्रेलर घेतोय. सामान भरून १२०० किलोच्या आसपास भरेल. आई-बाबांना चोर्ला घाटातून गोव्याला न्यायचंय. बाबांच्या गुडघ्यांना लॉजचे जिने झेपत नाहीत. घरच्या हॅचबॅकचं हे काम नव्हे. टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा डिझेल घेऊ की महिंद्राची स्कॉर्पिओ-एन?

निपाणीवाला: दोन्ही चालतील की ओ. दोन्हींना लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखी भक्कम चौकट आहे, शिवाय ताकद मागच्या चाकांना. ट्रेलरच्या नाकाचा, म्हणजे गाडीला जोडतात त्या पुढच्या टोकाचा भार नेमका तिथंच पडतो, म्हणून चढाला पकड मिळते. टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढायचा जोर, मात्र नीट विचारा: स्कॉर्पिओ-एनच्या खालच्या डिझेल मॉडेलला ३००, वरच्या मॅन्युअलला ३७० न्यूटन-मीटर, क्रिस्टाला ३४३. मी ३७० वालीच घेईन. कंपनी किती वजन ओढायची परवानगी देते ते लेखी मागा, सेल्समनच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

नाकावर एकूण वजनाच्या किमान १० टक्के भार हवा, म्हणजे तुमचे १२० किलो. आम्ही तंबाखूच्या वखारीतल्या काट्यावर नाक टेकवून मोजलं होतं. भार कमी पडला तर ट्रेलर मागं डुलायला लागतो, आणि हायवेवर ते फार वाईट.

शहापूर_बेळगाव: चढापेक्षा उताराची काळजी करा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेलाच घ्या. उतरताना आधीच खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. आणि ट्रेलरचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, बिलाबरोबर ती कागदपत्रंही मागा.

खानापूरकर: आभार. वरची मॅन्युअल स्कॉर्पिओ-एन बघतो. ब्रेक नसलेला ट्रेलर स्वस्तात मिळत होता, तो सोडला.