मदत हवी आहे: जुन्या डॅनिश चर्च-वह्या वाचायच्या आहेत, डॅनिश किती शिकावी लागेल?

नदीकाठची:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण इथे कुणाला ना कुणाला माहीत असेलच.

माझं सासर अमेरिकेतलं, आयोवातलं, मूळचं डॅनिश. नवऱ्याचे खापरपणजोबा १८८० च्या दशकात डेन्मार्कहून इकडे आले. खरं नाव इथे देत नाही, त्यांना जेन्स म्हणू. घरात आता डॅनिश कुणालाच येत नाही. नाताळातली दोन गाणी आणि तांदळाची खीर एवढंच उरलंय. सासूबाईंची फार इच्छा आहे की कुणीतरी वंशावळ नीट लावावी. त्यांच्या मुलांना वेळ नाही, म्हणून ते काम सुनेकडे आलं. (माहेरची वंशावळ काकांनी केव्हाच छापून वाटली आहे, त्यामुळे अनुभव आहे असा सगळ्यांचा समज!)

डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर चर्चच्या जुन्या वह्यांची पानं फुकट बघता येतात. जेन्स उत्तर जटलंडमधल्या टिस्टेड भागातले, जन्म १८६१. वही सापडली, पान उघडलं, आणि समोर नुसत्या तिरक्या रेघा. मोबाईलच्या अ‍ॅपवर डॅनिश शिकायला सुरुवात केलीय, तिथे 'मुलगा सफरचंद खातो' पर्यंत पोचले. त्यातला एक शब्दही वहीत नाही.

अडचणी अशा. अक्षर लागत नाही. आडनावाचा घोळ आहे: जेन्स इथल्या कागदांत नेल्सन, पण १८७० च्या जनगणनेत (ती कुणीतरी टंकून ठेवलीय, म्हणून वाचता आली) घरातल्या कर्त्याचं नाव पेडर आणि बाकीची भावंडं पेडरसेन. त्यात जेन्सच्या नावापुढे 'कोनेन्स सोन' आणि इतरांपुढे 'देरेस बोर्न' असं आहे. शिवाय पेडरच्या आईच्या मृत्यूच्या नोंदीत वय आकड्यात नाही, अक्षरी आहे: 'फेम ओग हाल्वफ्येर्ड्सइंड्सत्यूवे'. हे वय आहे की मंत्र?

डॅनिश शब्द दिसतात तसे लिहिलेत, उच्चारांना हसू नये.

शंकासूर:

फोनचा कॅमेरा लावून भाषांतर करून बघा की. आजकाल सगळं होतं.

नदीकाठची:

केलं. एका बाप्तिस्म्याच्या नोंदीचं भाषांतर 'घोडा आणि सात बुधवार' असं आलं.

ऑरहूसकर:

मी डेन्मार्कमध्ये राहतो आणि बायकोच्या माहेरचं हेच काम केलंय. स्पष्ट सांगतो, या कामासाठी डॅनिश शिकू नका. म्हणजे शिका, छान भाषा आहे, पण इथे तिचा उपयोग कमी. १८१४ पासून या वह्या छापील रकान्यांच्या आहेत. अनुक्रमांक, जन्मतारीख, मुलाचं नाव, बाप्तिस्मा कधी आणि चर्चमध्ये की घरी, आईबापांची नावं, धंदा, राहण्याचं ठिकाण, साक्षीदार, शेरा. पूर्ण वाक्य क्वचितच येतं. रकाना ओळखला की त्यात काय असू शकतं हे आधीच ठरलेलं असतं. चार-पाच डझन शब्द पाठ केलेत तर निम्मं काम झालं.

धंद्याच्या रकान्यात बहुतेक हेच भेटतील: गार्डमान्द म्हणजे बऱ्यापैकी जमिनीचा शेतकरी. हुसमान्द म्हणजे घर आणि तुकडाभर जमीन असलेला. इंडसिडर म्हणजे दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहणारा, बिनजमिनीचा. त्येनेस्तेकार्ल आणि त्येनेस्तेपिगे म्हणजे गडी आणि मोलकरीण. आफ्तेग्तसमान्द म्हणजे शेत पुढच्या पिढीच्या हवाली करून त्या बदल्यात राहणं-जेवण ठरवून घेतलेला म्हातारा. लग्नाच्या रकान्यात उंगकार्ल म्हणजे अविवाहित पुरुष, एंके म्हणजे विधवा, एंकेमान्द विधुर. नावाआधी 'साल.' दिसलं की ते आपलं 'कै.' समजा.

आता खरी उपयोगाची गोष्ट. १८१४ पासून प्रत्येक वहीच्या दोन प्रती असत, एक पाद्री लिहायचा आणि दुसरी चर्चचा कारकून. आगीत दोन्ही जळू नयेत म्हणून त्या रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत असा नियमच होता. म्हणजे तुमच्या नोंदीचं दुसऱ्या हातानं लिहिलेलं रूप कुठेतरी असण्याची बरीच शक्यता आहे. पाद्र्याचं अक्षर लागत नसेल तर कारकुनाची प्रत उघडा. तो बहुधा शाळामास्तरही असायचा, अक्षर पुष्कळदा सुवाच्य असतं. यादीत त्या प्रतीच्या नावात 'कोंत्रा' असतं.

गावाचं नाव शोधताना एक लक्षात ठेवा. ओ वर तिरकी रेघ असलेलं अक्षर आणि दुहेरी ए, दोन्ही वर्णमालेच्या शेवटी येतात, झेडच्याही नंतर. 'ए' खाली शोधत बसलात तर गाव सापडायचं नाही. दुहेरी ए च्या जागी डोक्यावर गोल असलेलं ए १९४८ च्या शुद्धलेखन सुधारणेत आलं. जुन्या कागदांत दुहेरीच. नामांची पहिली अक्षरं मोठी लिहायची पद्धतही तेव्हाच गेली, त्यामुळे जुन्या मजकुरात प्रत्येक नाम विशेषनाम वाटतं. तसं नसतं.

मोडीवाला:

डॅनिश येत नाही, पण जुनी अक्षरं हा माझा प्रांत. ऑरहूसकरांनी शब्द सांगितले, अक्षरांचं मी सांगतो. ही गॉथिक लिपी आहे, जर्मन लोक वापरायचे त्याच कुळातली. डॅनिश शाळांतून ती १८७५ मध्ये गेली, पण त्याआधी शिकलेला माणूस मरेपर्यंत तसंच लिहिणार. म्हणून १८९० ची नोंदही गॉथिकमध्ये सापडली तर नवल नाही.

मोडीच्या वर्गात आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो की वाचू नका, लिहा. इथेही तेच. संगणकावरचा तक्ता बघून उपयोग नाही. बोरू नसला तरी पेन घ्या आणि आठवडाभर रोज आपलं नाव, गावांची नावं, बारा महिने त्या अक्षरात गिरवा. हाताला वळण कळलं की डोळ्याला आपोआप दिसतं. ई हे एन सारखं दिसतं, तिथे सगळे अडकतात. यू वर छोटी वाटी असते, नाहीतर तोही एन वाटला असता. एच ओळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे फास टाकतो. एस दोन प्रकारचा, लांब आणि शेवटी येणारा.

दुसरं, प्रत्येक लिहिणाऱ्याचा स्वतंत्र तक्ता करा. त्याच पाद्र्याची दहा पानं चाळा, ओळखीची नावं शोधा (येन्स, नील्स, किर्स्टन, मारेन प्रत्येक पानावर असणारच) आणि त्यांतली अक्षरं कापून वहीत चिकटवा. अडलेला शब्द त्या तक्त्याशी ताडून बघा. शब्द लागला नाही तर सोडून द्या आणि पुढे जा. ओढूनताणून लावलेला शब्द पुढची तीन पानं नासवतो.

पाढेवाचक:

वयाचं कोडं मला द्या! डॅनिशमध्ये पन्नासपासून पुढे विसाच्या पटीत मोजतात. 'हाल्व' म्हणजे अर्धा, 'फ्येर्डे' म्हणजे चौथा, 'सिंदे त्यूवे' म्हणजे वेळा वीस. 'अर्धा चौथा' म्हणजे तीन पूर्ण आणि चौथ्याचा अर्धा, साडेतीन. साडेतीन वीस म्हणजे सत्तर. त्याआधी 'फेम ओग', पाच आणि. आजीबाई पंच्याहत्तर वर्षांच्या होत्या.

मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही. आपला 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय' वरूनच आला, म्हणजे अर्धा तिसरा. साडेतीनाला 'औट' म्हणायचे, तो अर्धा चौथा. आमच्या आजोबांना औटकी तोंडपाठ होती. तेव्हा अडीच वीस पन्नास, औट वीस सत्तर, साडेचार वीस नव्वद. साठ आणि ऐंशी सरळ तीन वीस आणि चार वीस. आणि एकक आधी, दशक नंतर, हेही आपल्यासारखंच: एकवीस, पंचवीस. अमेरिकन मंडळींना हे समजावताना घाम फुटतो.

शंकासूर:

बरं, मग आडनावाचं काय? जेन्स नेल्सन का?

ऑरहूसकर:

साधारण उत्तर असं. पूर्वी खेड्यात आडनाव नव्हतंच, बापाचं नाव आणि पुढे सेन किंवा दात्तर. नील्सचा मुलगा नील्सेन (अमेरिकेत त्याचं नेल्सन होतं), मुलगी नील्सदात्तर. १८२८ च्या फर्मानानं आडनाव कायम करायला सांगितलं, लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. १८५६ च्या कायद्यानंतर हळूहळू रुळलं. त्यामुळे १८६१ मध्ये जन्मलेल्याच्या बाबतीत दोन्ही शक्य आहे, आजोबांच्या नावाचं गोठलेलं आडनावही.

माजघर:

थांबा. सगळ्यांनी प्रश्नातली एक ओळ सोडून दिली आहे. मी दहा वर्षं कोपनहेगनला होते, त्यामुळे डोळ्यात भरली. 'देरेस बोर्न' म्हणजे 'त्यांची मुलं'. 'कोनेन्स सोन' म्हणजे 'बायकोचा मुलगा'. जनगणना करणारा उगाच वेगळं लिहीत नाही. पेडर जेन्सचा बाप नाही. आईचं हे दुसरं लग्न असेल, किंवा मूल लग्नाआधीचं. १८६१ च्या नोंदीत आईबापांचा रकाना पुन्हा बघा. 'उएग्ते' (अनौरस) शब्द आहे का? आणि 'उदलाग्त बार्नेफादर'? (बार्नेफादर म्हणजे मुलाचा बाप.)

आडनावावरून वाटतं की बापाचं नाव नील्स असावं. पण अंदाजावर वंशावळ लिहू नका, कागद बघा.

नदीकाठची:

मंडळी, तुम्ही धन्य आहात. कारकुनाची प्रत उघडली, अक्षर खरोखरच मोत्यासारखं. आईच्या नावाआधी 'पिगे' (अविवाहित मुलगी), मग 'उदलाग्त बार्नेफादर उंगकार्ल नील्स' आणि पुढे गावाचं नाव. लग्नाच्या वहीत पेडरशी लग्न १८६४ मध्ये.

आता 'उदलाग्त' म्हणजे नक्की काय? त्यानं कबूल केलं होतं का?

माजघर:

तसं नाही. आईनं बाप म्हणून ज्याचं नाव सांगितलं तो. त्यानं मान्य केलं की नाही हे या शब्दातून कळत नाही. म्हणून वंशावळीत 'नोंदीनुसार' असं लिहा.

साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या, 'फाद्दरे' च्या रकान्यातली. बाळाला हातांवर घेऊन उभी राहणारी बाई बहुधा पहिली असते, आणि ती पुष्कळदा मावशी किंवा आत्या असते. नात्याचे शब्द आले तर तुम्हाला इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपं: फार्ब्रोर काका, मोर्ब्रोर मामा, फास्टर आत्या, मोस्टर मावशी. एकाच 'अंकल' मध्ये सगळे कोंबायला लागत नाहीत.

ऑरहूसकर:

जेन्सची कन्फर्मेशनची (बाप्तिस्म्यानंतरच्या दृढीकरण-विधीची) नोंदही बघा, साधारण चौदाव्या-पंधराव्या वर्षीची. तिथे आईबापांची नावं पुन्हा येतात, देवीची लस कधी टोचली तेही. शिवाय पाद्र्यानं दिलेले अभ्यासाचे आणि वागणुकीचे शेरे असतात, सासूबाईंना आवडतील. आणि कोपनहेगन पोलिसांच्या स्थलांतरितांच्या वह्या १८६९ ते १९४० पर्यंतच्या आहेत. नाव, वय, धंदा, शेवटचं राहण्याचं ठिकाण, कुठे निघाला. पण हॅम्बुर्गवरून गेला असेल तर तिथे मिळणार नाही.

जुना शब्द अडला तर आजच्या भाषांतरयंत्राला विचारू नका. सन १७०० ते १९५० च्या डॅनिशचा २८ खंडांचा मोठा कोश जालावर फुकट आहे, त्यात जुनं शुद्धलेखनही सापडतं.

मोडीवाला:

आणखी मागे गेलात तर एक सापळा सांगून ठेवतो, युरोपभरच्या वह्यांत आहे. ७ चा आकडा आणि पुढे 'बेर' असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. ८ ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, १० डिसेंबर. लॅटिन आकड्यांवरून.

ऑरहूसकर:

बरोबर. आणि १८१४ च्या आधी रकानेही नाहीत, तारीखही पुष्कळदा नाही, नुसतं 'त्रिनिटीनंतरचा चौथा रविवार'. त्रिनिटी ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी, आणि ईस्टर दरवर्षी हलतो. तिथीवरून तारीख काढायला पंचांग लागतं तसं इथे त्या वर्षाचं ईस्टरचं कोष्टक लागेल.

शंकासूर:

सासूबाईंना सांगितलंत का, नील्सचं?

नदीकाठची:

सांगितलं. म्हणाल्या, "मग पेडरनं त्याला सांभाळलं म्हणायचं," आणि दोघांनाही तक्त्यात घ्यायला सांगितलं. नील्स तुटक रेघेनं.

आता पुढची अडचण. नील्सच्या गावाचं नाव पाच-सहा अक्षरी आहे. शेवट 'उप' किंवा 'रुप' सारखा वाटतो, आधी एक लांब एस असावा. त्या हेरेडमध्ये, म्हणजे आपल्या तालुक्यात म्हणा, असा शेवट असलेली बरीच गावं आहेत. मोडीवाले, पानाचं चित्र खाली टाकतेय. तुमच्या पद्धतीनं तक्ता केलाय, पण हा एस आहे की एफ ते ठरत नाही.

मोडीवाला:

आडवी रेघ दिसतेय का मधोमध? असेल तर एफ. चित्र जरा मोठं करून टाका, आणि त्याच पानावर 'फोद्त' (जन्मलेला) कुठे असेल तर त्याचंही.